आपली नाणी घेऊन प्रदर्शनाला जाताना

मघाशी आत येताना दोघांनी मला थांबवून विचारलं, नाण्यांच्या प्रदर्शनाला जायचे कसले आलेत शिष्टाचार? जायचं, बघायचं, यायचं. बरोबर आहे त्यांचं. नुसतं बघायला जाणाऱ्याला फार काही लागत नाही. आजचं बोलणं आहे ते स्वतःची नाणी डब्यात घालून तिथे जाणाऱ्यांसाठी.

जरा हात वर करा बरं. किती जणांच्या देवघरात राणीछाप किंवा राजाछाप चांदीचा रुपया आहे? बघा, निम्म्याहून जास्त हात आहेत. इथे नौपाड्यात काय, घंटाळीत काय, तिकडे डोंबिवलीत काय, लक्ष्मीपूजनाला बाहेर निघणारे दोन-चार बंदे रुपये नाहीत असं जुनं घर कमी. आणि वर्ष-दोन वर्षांत कधीतरी घरात कोणीतरी म्हणतं, अरे, यांची किंमत काय असेल? मग कळतं की मुंबईत किंवा पुण्यात नाण्यांचा मेळा भरतोय. पुण्याला कर्वे रस्त्यावरच्या सोनल हॉलमध्ये 'कॉइनेक्स' भरत आलेलं आहे, मुंबईत कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्येही असे मेळे झालेत. डबा पिशवीत जातो आणि माणूस निघतो. त्या डब्याचं पुढे काय होतं, ते मी बरीच वर्षं बघतोय.

एक प्रसंग सांगतो. एका मेळ्यात मी एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या टेबलाशी बसलो होतो. एक काकू आल्या. स्टीलचा डबा उघडला, आत चौदा रुपये, आरशासारखे चकचकीत. त्यात एक १९११ चा. आता १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया म्हटलं की संग्राहकाचे कान टवकारतात. त्या वर्षीच्या नाण्यावर राजाच्या झग्यावर जो हत्ती होता, त्याची सोंड आणि पाय असे काही कोरले गेले की लोकांना तो डुक्कर वाटला. त्यावर ओरड झाली, सरकारनं नाणी मागे घेतली आणि १९१२ साली हत्ती नीट करून नवा ठसा आणला. म्हणून १९११ चा रुपया कमी दिसतो. व्यापाऱ्यानं तो उचलला, भिंगातून बघितला आणि गप्प बसला. मग हळूच विचारलं, "मावशी, घासलाय का?" काकू अभिमानानं म्हणाल्या, "तर! आणायचा म्हणून कालच सगळे लख्ख केले."

व्यापाऱ्यानं चौदाही नाण्यांना जवळजवळ चांदीचाच भाव सांगितला. काकूंना वाटलं, हा फसवतोय. पण खरी अडचण पुढेच होती. नाणी सासूबाईंची. तीन घरांत वाटायची होती. दिरांना कोणीतरी सांगून ठेवलेलं की लाखांची आहेत. आता या घरी जाऊन चांदीचा भाव सांगणार, आणि घरचे विचारणार, अमुक नाणं होतं ते बदललं तर नाही ना? त्या मला म्हणाल्या, "मी आणलीच नसती तर बरं झालं असतं." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण त्यांची चूक कुठलीच मोठी नव्हती. फक्त कोणी आधी सांगितलं नव्हतं.

तर आधी तिथे काय असतं ते समजून घेऊ. मेळ्यात बाहेरून सगळी टेबलं सारखी दिसतात, पण ती सारखी नसतात. काही ठिकाणी काचेच्या पेट्यांत संग्राहकांनी आपला संग्रह फक्त दाखवायला मांडलेला असतो. तो विकायला नसतो, आणि तिथे "याचे किती येतील?" विचारणं म्हणजे कोणाच्या घरी जाऊन भिंतीवरच्या चित्राची किंमत विचारण्यासारखं. काही टेबलं व्यापाऱ्यांची. त्यांनी जागेचं भाडं भरलेलं असतं, दोन-तीन दिवसांत ते वसूल करायचं असतं. आणि कधीकधी लिलाव असतो, त्याची नाणी आधी बघायला ठेवलेली असतात. आपला डबा उघडायची जागा म्हणजे व्यापाऱ्याचं टेबल, किंवा आयोजकांनी तज्ज्ञ बसवला असेल तर त्याचं. आधी विचारायचं, "माझ्याकडे घरची नाणी आहेत, बघाल का? आत्ता वेळ आहे की नंतर येऊ?" एवढं वाक्य पुरतं. पहिल्या दिवशी सकाळी जाऊच नका. त्या वेळी व्यापारी एकमेकांशीच सौदे करत असतात, नेहमीचे ग्राहक उभे असतात. जेवणानंतरची सुस्त वेळ किंवा शेवटच्या दिवसाची दुपार बघा. तेव्हा माणूस खुर्ची पुढे सरकवतो आणि चार गोष्टी जास्त सांगतो.

आता घरी काय करायचं. खरं म्हणजे निम्मा शिष्टाचार घरीच होऊन जातो.

नाणं धुवायचं नाही. घासायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, राख नाही. पितांबरी नाही. पितांबरी आपल्या ठाण्यातलीच, तांब्याच्या घंगाळाला उत्तम, माझी काही तक्रार नाही. पण शिवराई म्हणजे घंगाळ नव्हे. (हशा) शंभर वर्षांत चांदीवर करडा-निळसर आणि तांब्यावर तपकिरी किंवा हिरवट थर चढतो. तो मळ नाही, तो नाण्याच्या पृष्ठभागाचाच भाग झालेला असतो. घासलं की तो जातो आणि त्याच्याबरोबर राजाच्या मिशीचे केससुद्धा जातात. भिंगाखाली समांतर बारीक ओरखडे दिसतात, ते परत बुजत नाहीत. आपल्याकडे स्वच्छता हा संस्कार आहे. पाहुण्याकडे जाताना लख्ख करून न्यायचं, ही भावना चांगलीच आहे. फक्त इथे ती उलटी पडते.

डबाही वाईटच. नाणी एकमेकांवर आपटतात, कडा ठेचतात. रबरबँड नको, त्यात गंधक असतं, चांदी काळी पडते. बाजारातली मऊ प्लास्टिकची पाकिटं असतात ना, वास येतो अशी, त्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या नाण्यांवर हिरवा चिकट थर येतो. एकेक नाणं कागदाच्या पाकिटात किंवा पुठ्ठ्याच्या खिडकीवाल्या होल्डरमध्ये ठेवा. होल्डर पंचवीस-पन्नास एकदम विकत मिळतात. नाहीच मिळाले तर साध्या पांढऱ्या कागदाच्या पुड्या करा.

आणि यादी करा. हे मी जरा ठासून सांगतो, त्या काकूंमुळे. एक वही घ्या. नाणं क्रमांक एक, कोणाचं, कुठलं साल, दोन्ही बाजूंचा फोटो, वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल, दागिन्यांचा छोटा काटा असला तर उत्तम. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. म्हणून तर आपल्या आज्या रुपया वजन म्हणून तराजूत टाकत. त्यात चांदी ९१.६७ टक्के, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध. तुमचा रुपया खूप हलका भरला तर घरीच कळलं की काहीतरी गडबड आहे. १९४० पासूनच्या रुपयात मात्र चांदी निम्मीच आहे, आणि १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा आहे, त्याला लोहचुंबक चिकटतं. हे माहीत असलं की तिथे जाऊन अपेक्षाभंग होत नाही.

नाणी एकापेक्षा जास्त वारसांची असतील तर ती यादी सगळ्यांना दाखवून, फोटो घरच्या ग्रुपवर टाकून मगच निघा. कोणतं विकायचं, कोणतं फक्त दाखवायचं, आणि किती रकमेच्या खाली द्यायचं नाही, हे तिथे टेबलाशी फोनवर ठरवायला लागू नये. व्यापारी समोर ताटकळतो ते सोडा, तुमचीच फजिती होते.

यादीत एक रकाना आणखी ठेवा: हे आपल्याकडे कुठून आलं. आजोबा बडोद्याला नोकरीला होते तेव्हाचं. आत्याच्या ओटीत आलेलं. जुन्या वाड्याची भिंत पाडताना निघालेलं. लोकांना हा रकाना फालतू वाटतो. जुन्या डब्यात कधीकधी चिठ्ठ्या असतात, मोडीत लिहिलेल्या, वाळवीनं खाल्लेल्या. त्या आपण आधी फेकतो आणि मग नाणी घासतो. दोन्ही उलट्या गोष्टी.

हा रकाना का महत्त्वाचा, त्याचं आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण देतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपले ठसे पुन्हा मारलेले होते. म्हणजे काय झालं असेल बघा. नहपानाचा पाडाव झाला, त्याची नाणी हाती आली, आणि जिंकणाऱ्यानं ती वितळवत न बसता त्यांच्यावरच आपली मोहोर उठवली. गौतमीपुत्रानं क्षहरातांचा निःपात केला हे नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात आहेच, पण त्याला असा हजारो तुकड्यांचा पुरावा मिळाला तो ही नाणी एकत्र सापडली आणि एकत्र नोंदली गेली म्हणून. तीच नाणी एकेक करून सराफांच्या मुशीत गेली असती, किंवा कोणी ती घासून वरचा ठसा पुसट केला असता, तर? एकटं नाणं थोडं बोलतं. कुठे, कशाबरोबर सापडलं हे कळलं की जास्त बोलतं. तुमच्या डब्यात नहपान नसेल, पण अंकुशी रुपया असू शकतो. फारसी अक्षरं बघून लोक म्हणतात, मुघलांचं आहे. अहो, तो पेशवाईतला पुण्याचा रुपया. नाव दिल्लीच्या बादशहाचं, पण खूण अंकुशाची. चांदवडी रुपयाचंही तसंच. तो तुमच्याच घरात दोनशे वर्षं असेल तर ते सांगा. ऐकणारा खूश होतो. भाव वाढेलच असं नाही.

आता प्रवास. ठाण्याहून फास्ट लोकलनं निघालात तर पिशवी पाठीवर नको, पुढे. फोनवर मोठ्यानं "अगं, नाणी घेऊन निघालोय" असं सांगू नका. हसू नका, ऐकलंय मी. दाखवायचीच तेवढीच न्या. पन्नासातली आठ-दहा नेली आणि बाकीचे फोटो नेले तरी जाणकाराला अंदाज येतो. तिथे कोणी पत्ता विचारला, "घरी येऊन बाकीची बघतो" म्हणाला, तर नम्रपणे नाही म्हणायचं. फोन नंबर पुरे.

दारावर मात्र उलट. तिथे लपवायचं नाही. आत जातानाच सांगायचं, माझ्याकडे स्वतःची नाणी आहेत, ही यादी. कुठे नोंद करतात, कुठे नुसती मान हलवतात. पण तुम्ही सांगितलंत हे महत्त्वाचं. समजा दुपारी कोणाच्या टेबलावरून एक नाणं गेलं आणि तुमच्या पिशवीत तसंच एक आहे. राजाछाप रुपये सगळे सारखेच दिसतात हो. तुमची यादी आणि सकाळचे फोटो असले तर पाच मिनिटांत विषय मिटतो. नसले तर तुम्ही कितीही सज्जन असा, लोक तुमच्याकडे बघत राहतात. म्हणूनच दुसऱ्याच्या टेबलाशी नाणी बघताना आपली पिशवी बंद ठेवायची, आणि आपलं नाणं त्याच्या ट्रेजवळ काढायचं नाही. "हे तुमच्यासारखंच माझ्याकडे आहे, बघा" म्हणत दोन्ही शेजारी ठेवणं, हा उत्साहात होणारा सगळ्यात वाईट प्रकार. कोणतं कोणाचं, हा प्रश्न निर्माण करायचाच कशाला?

टेबलाशी बसलात की एका वेळी एकच नाणं बाहेर. ते तुम्ही मखमलीच्या पट्टीवर ठेवायचं, समोरच्यानं तिथून उचलायचं. हातातून हातात नाही. आपल्याकडे मिरची हातावर देत नाहीत ना, भांडण होतं म्हणून, तसंच समजा. त्या समजुतीमागचं कारण मला माहीत नाही, पण नाण्याचं कारण साधं आहे: देताना पडलं तर ते कोणाच्या हातून पडलं? नाणं धरायचं ते कडेला, अंगठा आणि तर्जनीत. चेहऱ्यावर बोट टेकवायचं नाही, घामाचा ठसा तांब्यावर काही महिन्यांनी उमटतो. आणि नाणं तोंडासमोर धरून बोलायचं नाही. थुंकीचा बारीक शिंतोडा पडतो, त्याचे डाग होतात.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. सुरुवातीच्या काळात मी एका वृद्ध संग्राहकाची शिवराई अशीच उचलून उजेडाकडे धरली, खुर्ची मागे सरकवली, आणि ती फरशीवर गेली. टण्ण. तांब्याच्या कडेला नवीन, लालसर, चमकणारा खळगा. तीनशे वर्षं टिकलेली कड माझ्या हातून गेली. मी पैसे देऊ केले. ते म्हणाले, "राहू दे. यापुढे टेबलावरच धर." बस्स. ओरडले असते तर मी विसरलो असतो.

या आवाजावरून आठवलं. आपल्या भाषेत 'खणखणीत नाणं' म्हणतात. जुन्या काळी रुपया दगडावर वाजवून घेत, आवाज बद्द आला तर परत. सराफ तर छोटा ठसा मारून बघायचे आत चांदीच आहे का, त्या खुणा जुन्या रुपयांवर आजही दिसतात. तेव्हा ते योग्यच होतं, कारण रुपया खर्चायचा होता. मेळ्यात मात्र कोणी तुमचं नाणं उचलून टेबलावर वाजवायला लागला, तर त्याला थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि तुम्ही दुसऱ्याचं तर नाहीच वाजवायचं. वजन करायचं, लोहचुंबक लावायचं, फोटो काढायचा, होल्डर उघडायचा, प्रत्येक गोष्ट आधी विचारून. नाही म्हणाला तर राग मानायचा नाही.

तुमच्या नाण्यात दोष असेल तर तो तुम्ही आधी सांगा. रुपयांची माळ केलेली असते, मग कधीतरी कडी काढून टाकतात. तिथे डागाची खूण राहते. भोक बुजवलेलं असतं. जाणकाराला ते दिसणारच आहे. तुम्ही आधी सांगितलंत तर पुढच्या नाण्याबद्दल तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. लपवलंत आणि त्यानं शोधलं, की बाकी बाराही नाणी तो संशयानं बघणार.

आता भाव. इथे बहुतेकांची चिडचिड होते. पहिलं म्हणजे, विकायचं नसेल तर तसं सुरुवातीलाच सांगा: "विकायचं नाही, फक्त ओळख हवी." बरेच जण दोन-चार नाण्यांबद्दल आनंदानं सांगतात. पण विकायचं आहे असं भासवून वीस मिनिटं माहिती काढून घ्यायची आणि "घरी विचारून सांगते" म्हणून उठायचं, हे बरं नाही. विकायचं असेल तर त्यानं सांगितलेला भाव ऐका, विचार करायला वेळ मागा, दुसरीकडे दाखवा. यात काही गैर नाही. गैर काय, तर शेजारच्या टेबलावर जाऊन "त्यांनी इतके सांगितले, तुम्ही किती?" असं मोठ्यानं म्हणणं. दुसऱ्यालाही त्याचं स्वतःचं मत सांगू द्या. आणि एकदा "दिलं" म्हणालात की दिलं. पाच मिनिटांनी कोणी पाचशे जास्त देतोय म्हणून शब्द फिरवायचा नाही. व्यापाऱ्यानंही फिरवायचा नाही, अर्थात.

आणखी एक, जे फार होतं. व्यापारी भाव सांगत असताना मागे उभा असलेला माणूस हळूच तुमच्या कानात सांगतो, "मी जास्त देतो, बाहेर या." बाहेर जाऊ नका. जो दुसऱ्याच्या टेबलाशी त्याचा सौदा पळवतो, तो जिन्यात तुमच्याशी सरळ वागेल असं मानायला काही आधार नाही. व्यवहार टेबलावर, उजेडात, कच्ची का होईना पावती घेऊन.

व्यापारी विकत घेताना कमी सांगतो, कारण त्याला ते पुढे विकायचंय, कदाचित दोन वर्षांनी. छापील किंमत-पुस्तकात जो आकडा असतो तो साधारण विक्रीचा असतो, खरेदीचा नाही. नेहमीच्या सालांचे, वापरून झिजलेले राणीछाप-राजाछाप रुपये भरपूर आहेत. त्यांचा भाव चांदीच्या आसपासच फिरतो. हे ऐकून वाईट वाटतं. पण गोखले रोडवरच्या सराफाकडे गेलात तरी तो वजनच करणार. मेळ्यात निदान एवढं कळतं की चौदातलं एखादं वेगळं आहे का.

आणि मोबाइलवरचे आकडे टेबलावर आणू नका. "वैष्णोदेवीच्या पाच रुपयांचे दहा लाख मिळतात" वगैरे. ते नाणं २०१२ च्या शिक्क्याचं, चलनात आलेलं, साधं नाणं आहे. अशा जाहिरातींमागे बहुतेकदा एकच खेळ असतो: आधी नोंदणी फी भरा, मग कर भरा, मग कमिशन. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की बँकेच्या नावानं जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदीसाठी पैसे मागितले जातात, ती फसवणूक आहे. बँक असे व्यवहार करत नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यात निवृत्त माणसं यात अडकलेली मी पाहिलीत. व्यापाऱ्यावर ओरडून ते पैसे परत येत नाहीत.

खोट्या नाण्यांचं जरा नाजूक असतं. ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून राम-दरबाराचं, १८१८ साल घातलेलं 'हाफ आना' घेऊन मेळ्यात हमखास कोणीतरी येतं. कंपनीच्या टाकसाळीतून असं नाणं कधी निघालेलंच नाही. ते देवळांबाहेर विकलं जाणारं टोकन आहे. पण ते कित्येक घरांत देव्हाऱ्यात पूजलं जातं. तेव्हा समोरच्यानं विचारलं तरच सांगायचं, आणि हसायचं नाही. "हे कंपनीचं चलन नाही, पूजेचं टोकन आहे" एवढंच. दुसऱ्याच्या टेबलावर तुम्हाला एखादं नाणं खोटं वाटलं, शिवकालीन होन म्हणून कोणी काही दाखवतोय, खरा होन किती दुर्मीळ हे आपल्याला ठाऊक आहे, तरी गर्दीत "खोटं आहे" म्हणून पुकारा करायचा नाही. तुम्ही चुकत असाल तर त्याचं नाव गेलं. बाजूला घेऊन विचारा, नाहीतर आयोजकांना सांगा.

एक गोष्ट शिष्टाचाराच्या पलीकडची आहे, कायद्याची. शेतात, पाया खणताना, विहीर उपसताना नाणी सापडली तर ती पिशवीत घालून मेळ्यात आणायची नाहीत. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, आणि त्याचा हिस्साही जातो. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. दुबईच्या भाच्याला भेट म्हणूनसुद्धा नाही.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : लहान मुलाला न्यावं का? त्याच्याकडे पाच-दहा पैशांची, परदेशी, अशी नाणी आहेत.

जरूर न्या. त्याला आधी घरी मखमलीचं नाटक करायला लावा, म्हणजे ठेवायचं, उचलायचं, कडेनं धरायचं. आणि मेळ्यात त्यालाच बोलू द्या. एक रुपया-दोन रुपयांच्या टोपल्या असतात तिथे, त्यात त्याला अर्धा तास सोडा. त्याची नाणी विकायची नसतात, अदलाबदल करायची असतात. समवयस्क मूल भेटलं तर फारच छान. फक्त अदलाबदल पालकांसमोर होऊ द्या.

प्रश्न : व्यापारी म्हणाला "काही नाही यात", पण मला खात्री नाही. मग?

आणखी दोघांना दाखवा. तिघांनी तेच सांगितलं तर बहुधा तेच खरं. अभ्यासाच्या दृष्टीनं हवं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची, तिथलं नाण्यांचं संग्रहालयही बघण्यासारखं आहे. पण तिथे जाऊन भाव विचारू नका, ती भाव सांगायची जागा नव्हे.

प्रश्न : माझी नाणी मी आधीच घासलीत. मागच्या दिवाळीत. आता काय करू?

काही करू नका. परत काळी करायला म्हणून अंड्याबरोबर ठेवा, धूर द्या, असले उपाय कोणी सांगेल, ते करू नका. कृत्रिम रंग ओळखू येतो आणि मग ते फसवल्यासारखं दिसतं. कागदात गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा. घेऊन जाल तेव्हा सांगा, घासलेली आहेत. आणि खरं सांगू का, ते रुपये विकायचे नसतील, दर दिवाळीला पाटावर मांडायचेच असतील, तर ती तुमच्या घरची वस्तू आहे. तुमच्या आजेसासूबाईही ती घासतच होत्या. फक्त पुढच्या दिवाळीला त्यांतलं १९११ चं आहे का तेवढं एकदा बघून घ्या, आणि असलं तर तेवढं बाजूला काढा.